आज मोटार लावायची न्हाई

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर-पेटीतून तापलेल्या वायरींचा वास आला की मला राजुरीतली ती सकाळ आठवते. लग्नात वडिलांनी दिलेला टॅब इतका जुना झाला होता, की माझं अभ्यासाचं अॅप त्यावर उघडेना. नारायणगावचा दुकानदार म्हणाला, "वहिनी, भंगारात द्या, नवा घ्या." मी हट्टाला पेटले. व्हिडिओ बघून नवी सिस्टिम मेमरी कार्डात उतरवली, टॅब चार्जरला लावला आणि कार्डातून ती टॅबमध्ये भरायला सुरुवात केली. बॅटरी चार्ज धरतच नव्हती. काम अर्धवट असताना लाईट गेली असती, तर टॅब कायमचा गेला असता. नेमके तेव्हाच सासरे कांद्याला पाणी द्यायला निघाले. सामायिक विहिरीवर त्या दिवशी आमची पाळी होती, आणि आमची मोटार सुरू झाली की घरातली लाईट हमखास जायची. मी पडवीतल्या स्टार्टरला पाठ लावून उभी राहिले. "आबा, आज मोटार लावायची न्हाई." "आगं, पाण्याची पाळी जाईल आपली! कांदा आठवडाभर कोरडा ऱ्हाईल." "ऱ्हाऊ द्या." सासूबाई आतून ओरडल्या, "लई शेफारलीय ही!" मी हलले नाही. आबांनी टॅबवरची हळूहळू सरकणारी पट्टी बराच वेळ बघितली, मग बांधापलीकडच्या भावाला हाक मारली, "आज तू घे रं पाणी, आमचं काम चाललंय!" टॅब चालू झाला. तो दुकानदार अजून विचारतो, "वहिनी, नवा कधी नेताय?" मी सांगते, "हा मेला की." आणि टॅब कसा मरतो, तेच बघते.