बिज्याची साल

"साळिंदराचं काम आहे. तसं लिहा आणि विषय संपवा," साहेब फोनवर म्हणाले.

मी किनवटच्या जंगलात वनपाल आहे. समोर आमच्या भागातला शेवटचा जुना बिजा उभा होता. ऐन पावसाळ्यात त्याची पानं वाळली होती.

बिजा म्हणजे सागासारखंच पक्क्या लाकडाचं झाड. तोडून तोडून आता दुर्मिळ झालंय. रोपवाटिकेसाठी आम्ही याचंच बी घ्यायचो. बी पुष्कळ धरतं, उगवतं थोडं, आणि उगवलेलं झाड व्हायला माणसाचा जन्म जातो. साळिंदराचं तसं नाही. उंदराच्या कुळातलं हे काटेरी जनावर जंगलात भरपूर. एक मेलं तर त्याच बिळात दुसरं येतं. कंद खातं, साल कुरतडतं.

पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांना जातं. एका बाजूची साल गेली तरी झाड तग धरतं. चहूबाजूंनी गेली की संपलं.

मी बुंध्यापाशी बसले. खाली दातांच्या जुन्या खुणा होत्या, कडा भरून आलेल्या. ते साळिंदर. पण पलीकडची साल छातीच्या उंचीपर्यंत सरळ सोललेली होती. लाल चीक ओघळून काळा पडला होता. ती कुऱ्हाड.

गंगाराममामा आमचे निवृत्त वनमजूर. हे झाड त्यांनी नोकरीभर राखलं. काही माहीत असेल म्हणून त्यांच्याकडे गेले.

"मीच काढली, मॅडम," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही?"

"बायकोला साखर होती. पाय सडून राहिला होता. डॉक्टर कापायचं म्हणले, ती न्हाई म्हणली. बिज्याच्या सालीनं साखर उतरते म्हणून ऐकलं होतं. एका अंगाची साळिंदरानं खाल्लेली. राहिली ती मी नेत गेलो."

"मग?"

"गेली ती. पोळ्याच्या आधीच."

"झाड मरेल हे तुम्हाला कळत होतं ना?"

"हाव. कळत होतं. बाई मरून राहिली होती. झाडाकडं कुठं बघू?"

मी पंचनाम्यात दोन्ही खुणा लिहिल्या. मामांनी न वाचताच सही केली. गुन्हा नोंदला गेला. बिजा उन्हाळ्यात उभाच वाळला. रोपवाटिकेत त्याचा वाफा यंदा रिकामा आहे.

आता बुंध्यावर दातांच्या खुणा दिसल्या की आम्ही लगेच जाळी बांधतो. जाळीनं साळिंदर थांबतं. ज्याच्या घरचं माणूस हातातून चाललंय, तो थांबत नाही.