पुण्याहून आलेला टॉर्क कन्व्हर्टर

अधिक महिन्याची शुद्ध दशमी: टॉर्क कन्व्हर्टर निवडला गेला, जबाबदार, माझ्या धाकट्या भावाचे पुणेकर जावई. त्याच महिन्याची वद्य त्रयोदशी: तो गाडीत बसवला गेला, जबाबदार, ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतील मिस्त्री. त्याच दिवशी दुपारी जुना भाग घराबाहेर गेला. जबाबदार, तोच माझा सख्खा भाऊ. निज महिन्याचा पहिला शुक्रवार: गाडी चढावरून मागे घसरली, जबाबदार वरील तिघेही, संयुक्तपणे आणि पृथकपणे.

आयुष्यभर जिल्हा न्यायालयात वकिली केल्यामुळे आरोप आधी आणि हकीकत नंतर सांगण्याची मला सवय आहे. आता हकीकत.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. क्लच दाबणे या जन्मी शक्य नव्हते. म्हणून एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात मी एक परदेशी बनावटीचा ऑटोमॅटिक पिकअप घेतला. ‘वकिलाला ट्रक कशाला?’ असे तेव्हा आमच्या सगळ्या लष्कर भागाने विचारून घेतले. पण त्या गाडीमुळे मी कोर्टात गेलो, लग्नकार्यांना गेलो, आणि दर शुक्रवारी पत्नीला घेऊन टेकडीवरच्या देवीला गेलो. कोणाच्या सवडीची वाट पाहिली नाही. ही गाडी थांबली की मी इतरांच्या सोयीने हलवायची वस्तू होतो. तेव्हा विषय लोखंडाचा आहे, असे कोणी समजू नये.

अशा गाडीत क्लचचे काम तेल करते. एका बंद गोल डब्यात इंजिन तेल घुसळते आणि त्या तेलाच्या रेट्याने चाकांकडचा दांडा फिरतो. तो डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. आमचा झिजला होता. नवा निवडताना पाहायचे ते हे, की इंजिन किती वेगाने फिरल्यावर तो गाडी ओढू लागतो. ओझ्याच्या गाडीला लवकर पकड घेणारा लागतो, शर्यतीच्या गाडीला उशिरा. माझे मत स्पष्ट होते आणि मी ते लेखी दिले होते: जुनाच डबा उघडून, आतले झिजलेले भाग बदलून, पुन्हा बसवावा.

परंतु महिना अधिक होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूला टॉर्क कन्व्हर्टर कळत नाही असे म्हणणार कोण? त्यातून हे विष्णू पुण्याचे. आम्ही ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलो, पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, पण पुण्याहून आलेल्या माणसापुढे आजही परीक्षेला बसल्यासारखे बसतो. आपल्या तोंडून एखादा हिंदी शब्द निसटेल, या धास्तीने खरे बोलायचेही राहून जाते.

पुरणाचे धोंडे वाढले जात होते. जावईबापूंनी मोबाइलवर एका चकचकीत डब्याचे चित्र दाखवले.

“काका, हा परफॉर्मन्सचा आहे. पुण्यात आमच्याकडे सगळे हाच लावतात.”

“पुण्यात सगळ्यांकडे माझ्यासारखा म्हातारा पिकअप आहे का?” मी विचारले. “मला शर्यत जिंकायची नाही, जावईबापू. चढ चढायचा आहे.”

“दादा, चुप रहा ना,” भाऊ कुजबुजला. “पाटावर बसलेत ते.”

“अहो, आज नको,” पत्नी म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक धोंडा पडला. तोंड बंद करण्याचा हा आमच्या घरचा सनदशीर मार्ग आहे.

डबा आला. बोल्ट जुळले, आणि मिस्त्रीच्या मते बोल्ट जुळले म्हणजे कुंडली जुळली. जुना डबा परत मागितला, तेव्हा भाऊ प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, “तो तर मी कबाडीवाल्याला देऊन टाकला, दादा. अधिक महिना आहे. दानच समजा.” दुसऱ्याची वस्तू दान करून स्वतः पुण्य घेण्याची तरतूद कोणत्या धर्मशास्त्रात आहे, ते त्याने अजून दाखवलेले नाही.

पहिल्या शुक्रवारी देवळाच्या चढावर इंजिन गर्जू लागले आणि गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. जळक्या तेलाचा वास आला. फुलवाला गाडीच्या मागून बाजूला सरकला आणि म्हणाला, “वकील साहब, आवाज़ तो हेलिकॉप्टर की है। उड़ेगी कब?” तेवढ्यात गाडी मागे घसरू लागली. मी ब्रेक दाबून ती धरली. शेजारी पत्नीने ओटीचे ताट दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. देवी त्या दिवशी खालूनच पाहिली.

मी जावईबापूंना पत्र लिहिले. मग दुसरे लिहिले. उत्तर भावाच्या तोंडून आले: “ते म्हणतात, काकांची चालवायची पद्धत चुकतेय.” त्यापाठोपाठ त्याने आपलीही सूचना जोडली: “गाडी गियरवाली करून घ्या, नाहीतर ड्रायव्हर ठेवा. आता या वयात...” गियरवाली गाडी मी कोणत्या पायाने चालवायची, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तेव्हा मला कळले, की निवड चुकल्याचे दुःख या घरात मला एकट्यालाच आहे. बाकीच्यांची सोय झाली आहे.

अधिक महिना संपला. जावईबापूंचे विष्णुपद संपले, डबा मात्र माझ्या गाडीत राहिला. तो मी काढून घेणार आहे, आणि पुढचा मी निवडणार आहे. तत्पूर्वी, येत्या दसऱ्याला सोने वाटण्यासाठी सगळे नातलग आमच्याकडे जमतील, तेव्हा जावईबापूंनी यावे. त्या चढाच्या पायथ्याशी, सर्वांदेखत, माझ्या जागी बसून त्यांनी गाडी वर न्यावी. ती चढली नाही, तर तिथेच उभे राहून एवढेच सांगावे: हा डबा त्यांनी कोणत्या गाडीसाठी निवडला होता? उत्तर भावामार्फत स्वीकारले जाणार नाही.