अबोली नेमका कुठला रंग

अबोली म्हणजे नेमका कुठला रंग, यावर दोन बायकांचं कधी एकमत होत नाही. एक दुकानदार जी साडी अबोली म्हणून दाखवतो ती नारिंगीकडे झुकलेली असते, दुसऱ्याची गुलाबीकडे. माझ्यापुरता हा प्रश्न सोपा होता. दारात अबोलीचं झाड होतं. फूल साडीशेजारी धरायचं, जुळलं तर अबोली, नाही जुळलं तर दुकानदार खोटा. या फुलाला वास नसतो म्हणून काही जणी नाक मुरडतात. मुरडू देत. तोडल्यावर दोन-दोन दिवस ते मान टाकत नाही आणि झाड भांडी विसळलेल्या पाण्यावर जगतं. बीड जिल्ह्यात फुलझाडाकडून याहून जास्त काय मागायचं?

झाड होतं साखर कारखान्याच्या क्वार्टरपुढे. कारखाना सहकारी, आणि माझा नवरा तिथे काट्यावर होता, उसाच्या गाड्या वजन करायला. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. ऊस नव्हता म्हणून गाळप लवकर आटोपलं आणि वसाहत निम्मी रिकामी झाली. टँकरच्या रांगेत उभं राहायलासुद्धा ओळखीचं माणूस मिळेना. त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. मूलबाळ नव्हतं. आई-वडील कधीच गेलेले. आपलं म्हणायला बीडजवळच्या पालीला राहणारा एक धाकटा भाऊ उरला.

आमच्याकडे तेराव्याला दुखवटा असतो. माहेरची माणसं साडी आणतात आणि जमलेल्या बायकांसमोर तिची घडी मोडून विधवेच्या खांद्यावर टाकतात. ती कशी असावी हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. दुकानात "दुखवट्याची दाखवा" एवढं म्हटलं की राखाडी, बिस्किटी, मातकट साड्या पुढ्यात येतात. रंगाचं नाव घ्यावंच लागत नाही.

भाऊ एकटाच आला. भावजय पहिल्या मुलीची बाळंतीण होती. त्यानं पिशवीतून साडी काढली आणि स्वतःच माझ्या खांद्यावर टाकली. साडी अबोली होती. फूल आणून बघायची गरजच नव्हती, इतकी नेमकी अबोली.

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, लग्नाला आलाय का ह्यो?" मागे कुणीतरी हसलं.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. रागीट मी लहानपणापासूनच. साडी ओढून काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. "काहून आणली रे असली? चारचौघात माझी शोभा करायला आलास व्हय?"

"आक्का, तुला अबोली लई आवडती म्हून..."

"आवडायचं ते गेलं सरणावर. घेऊन जा ती."

त्याला साडीची घडी घालता येईना. त्यानं ती तशीच गोळा केली, पिशवीत कोंबली, आणि न जेवता दुपारची एसटी धरून निघून गेला. खरं सांगते, मला ती साडी बघताक्षणी आवडली होती. तेराव्या दिवशी आपल्याला एखादी साडी आवडावी, याचीच मला लाज वाटली होती. तो राग माझा माझ्यावर होता, निघाला मात्र भावावर.

भाऊबीजेला तो येईल असं मी धरून चालले होते. सकाळीच पुरण शिजवलं, पाट मांडला. आला नाही. दुसऱ्या वर्षीही दोघांचा स्वयंपाक केला आणि एकटीनं दोन दिवस खाल्ला. पाली काही परदेशात नव्हती, गेवराईहून गाडी बदलली की अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण मी मोठी, मी का जाऊ, हे माझ्या डोक्यातून निघत नव्हतं. झाडाचं पाणी मी बंद केलं. चिवट झाड, तरी मरायला त्यानं अख्खा उन्हाळा घेतला.

वसाहत रिकामीच, म्हणून क्वार्टर सोडायला मला कुणी लावलं नाही. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर मला काम मिळालं होतं. चारा नाही म्हणून जनावरं आटलेली, केंद्र आठालाच बंद व्हायचं. उरलेला दिवस घरात. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की "पुढं सरका" याखेरीज आज आपण काहीच बोललो नाही. दर दिवाळीनंतर ठरवायची, आता जाऊन त्याची माफी मागायची. अशी नऊ वर्षं गेली. मग एका सकाळी केंद्रावर निरोप आला, भाऊ शेतात कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भावजय गळ्यात पडून रडली, एका शब्दानंही तिनं जुनं काही काढलं नाही. ते मला जास्त लागलं. मुलगी, तेव्हाचीच तान्ही, आता नऊ वर्षांची, दाराआडून माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला तर आत पळाली.

भावजयीच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा दुखवट्याची साडी मीच आणावी असं ठरलं. त्याच संध्याकाळी मी घरी परतले होते; तेराव्याच्या आदल्या दिवशी पालीला जाताना बीडला दुकानात गेले. "दुखवट्याची" म्हणताच तिथल्या माणसानं रंग न विचारता फिकट साड्यांचा ढीग पुढ्यात टाकला. मी म्हटलं, "या नकोत. चांगल्या दाखवा."

"रंग कोणता काढू?"

तेव्हा मला भाऊ दिसला. त्याच्याही पुढ्यात असाच ढीग आला असणार, आणि दुकानभर माणसांत त्यानं तो बाजूला सारून माझ्या आवडीचं नाव घेतलं असणार. माझ्याजवळ भावजयीसाठी घ्यायला एकही नाव नव्हतं. तिला कधी मी धड बघितलंच नव्हतं.

दुकानातूनच पालीला फोन लावला. मुलीनं उचलला. मी विचारलं, "बाळा, तुझ्या आईला कोणता रंग आवडतो गं?"

ती म्हणाली, "कोण बोलतंय?"