आधी जुनं बाहेर

गाणं ऐकताना लोक मान डोलवतात, मांडीवर ताल धरतात. आमचे शेठजी यातलं काही करत नसत. ते डोळे मिटून ताठ बसायचे आणि मध्येच उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. नवख्या माणसाला वाटायचं, सम आली. पण सम तिथे नसायची. गाणारी बाई एक तान संपवून दुसरीच्या आधी श्वास घ्यायची, तो रेकॉर्डमध्ये आलेला असायचा, आणि त्या श्वासाला शेठजींचं बोट वर जायचं.

"गाणं तं सारेच ऐकतेत, ताई," ते मला म्हणाले होते. "गाणं बाईनं तुमच्यासाठी म्हटलं. श्वास तिनं सोतासाठी घेतला. तो ऐकू आला तं समजाचं, बाई घरात येऊन बसली."

वाशीमच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दुकानामागे राहतं घर, घरावर एक मजला, आणि त्या मजल्यावर भाडेकरू मी. माझी कचेरीतली नोकरी, स्वभाव कामांची यादी करून एकेक ओळ खोडत जाण्याचा. ठरल्या वेळी येणारी आणि रेकॉर्ड चालू असताना न बोलणारी म्हणून त्यांनी मला मागच्या खोलीत बसू दिलं. गावात त्यांना सुईशेठ म्हणत. रेकॉर्डवर टेकणारी ती बारीक हिऱ्याची सुई ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बाहेरगावचं गिऱ्हाईक हे नाव ऐकून दुकानात शिवणाच्या सुया मागायचं आणि शेठजी शांतपणे शेजारचं दुकान दाखवायचे.

त्या खोलीत काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. एक रेकॉर्ड प्लेयर, एक ॲम्प्लिफायर, स्पीकरची एक जोडी, रेकॉर्डचं एक कपाट आणि खुर्ची. खुर्चीच्या पायांच्या जागा फरशीवर रंगानं आखलेल्या. झाडताना खुर्ची सरकली की काकू, म्हणजे शेठजींच्या मंडळी, ओरडायच्या, "घ्या, सीमावाद झाला!"

सगळं एकेकच असण्याचं कारण त्यांचा नियम. जैन घरातली माणसं महाराजांसमोर नियम घेतात. कुणी कंद सोडतं, कुणी सूर्यास्तानंतरचं जेवण. शेठजींनी तरुणपणी परिग्रहाची मर्यादा घेतली होती. घरात प्रत्येक वस्तू एक. नवी हवी असेल तर आधी जुनी बाहेर जाईल, मगच नवी उंबरा ओलांडेल. जुनी विकायचीही नाही. "इकलं तं तो धंदा झाला," ते म्हणत. "द्याचं आन् इसराचं. दिलेलं मांगत नसतात." या नियमामुळे गावातल्या किती घरांत शेठजींचे जुने स्पीकर वाजत होते. काकू त्यांना टोचायच्या, "मले कोणाले देसान ते आताच सांगून ठेवा. मी तिकडची भांडीकुंडी पाहून घेतो."

शेठजी हसायचे. "तुमाले घेणारा भेटला पाह्यजे ना."

एक ॲम्प्लिफायर मात्र त्यांनी बरीच वर्षं बदलला नव्हता. तो दिव्यांचा होता. काचेच्या नळ्या, आत तांबूस उजेड. एका कारागिरानं हातानं जोडून दिलेला, उचलायला दोन माणसं लागत. चालू केल्यावर तो तापेपर्यंत शेठजी हातपाय धुऊन यायचे. त्या उजेडाकडे किडे-पाखरं झेपावतात आणि काचेवर भाजून मरतात, म्हणून दुकानातल्या मलमलीची जाळी चौकटीवर ताणून त्यांनी त्यावर झाकण केलं होतं. तेवढ्यानंही मन मानेना. दिवेलागणीनंतर तो कधी लावायचाच नाही असं ठरलं. त्यामुळे आमची ऐकायची वेळ दुपारची, दुकानाचं शटर अर्धं खाली असताना. बाहेर उन्हात रस्ता ओस पडलेला, आणि आत एक बाई गाते आहे, थांबते आहे, श्वास घेते आहे. त्या खोलीत मलाही तो ऐकू येऊ लागला होता.

मग एका उन्हाळ्यात शेठजी म्हणाले, "आवाज बसला."

मला काही फरक वाटला नाही. पण ऐकणारे ते, मी कोण सांगणार? त्यांनी काचेच्या नळ्या बदलल्या. तारा बदलल्या. सुई नवी आणली. खिडकीचे पडदे काढले, पुन्हा लावले. मग त्यांनी विजेला धरलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे लाईन खराब येते, असं त्यांच्या मनानं घेतलं. गिरणीवाल्याशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाजलं.

"काहून, शेठ? माह्या गिरणीनं तुमच्या बाईचा गळा धरला काय?" गिरणीवाला म्हणाला.

"गळा नाही. श्वास," शेठजी म्हणाले. गिरणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून त्यांनी वेगळं अर्थिंग घेतलं. आवाज बसलेलाच राहिला. माणूस चिडका झाला, दुपारी खोलीतून लवकर उठू लागला. रेकॉर्ड अर्धवट ठेवून उठणारे शेठजी मी कधी पाहिले नव्हते.

अकोल्याचा एक दुकानदार त्यांना अधूनमधून नव्या वस्तूंची माहिती द्यायचा. त्यानं नवा डिजिटल ॲम्प्लिफायर सुचवला. वहीएवढा, थंडगार, फोनवरून चालणारा. खोली कशी आहे ते स्वतः मोजून आवाज दुरुस्त करणारा. जगातलं सगळं गाणं त्यात हवेतून येणार, रेकॉर्ड प्लेयर हवा तर तोही जोडता येणार. जुन्या दिव्यांच्या यंत्राला चिकटून राहणाऱ्यांपैकी शेठजी नव्हते. "जुनं म्हणून ठेवत नाही, नवं म्हणून आणत नाही," ते म्हणाले. "याच्यात श्वास येईन तं हेच खरं." काकूंनी विचारलं, "आधी आणून दोनी वाजवून पाहा ना. मंग जुनं काढा." साधी, व्यवहाराची गोष्ट. मीही तेच म्हटलं. पण नियम म्हणजे नियम. दोन वस्तू एका छपराखाली, तपासायलासुद्धा नाही.

दिव्यांचा ॲम्प्लिफायर किन्हीराजाच्या गुरुजींना गेला. हे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी दुकानाचे जुने गिऱ्हाईक, गाण्याचे वेडे, आणि घरी ट्रान्झिस्टरपलीकडे काही नसलेले. शेठजींनी जाळीचं झाकणही बरोबर दिलं आणि संध्याकाळनंतर लावणार नाही असं गुरुजींकडून कबूल करून घेतलं. टेम्पो निघाला तेव्हा ते दुकानात गिऱ्हाइकाला पॉपलिन फाडून देत होते. बाहेर आले नाहीत.

नवं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांनी फोनवरून उंच सूर तेवढे पूर्ण वर चढवले, आणि बोट वर गेलं. शेठजी लहान मुलासारखे माझ्याकडे वळले, "आला ना? आला ना, ताई?" आला होता. त्याच्याबरोबर रेकॉर्डवरचा कचकचाट, खरखर, सगळं आलं होतं. मी "आला" म्हटलं.

दिवाळीपर्यंत पुन्हा आवाज बसला. आता ते आवाज वाढवत गेले. माझ्या फरशीतून तो खिळ्यांसारखा वर यायचा. पलीकडचा सराफ काकूंना म्हणाला, "वहिनी, शेठजीचं गाणं आता आमालेबी फुकट भेटते." शेठजींनी दुकानदाराला फोन करून यंत्राला नावं ठेवली. त्यानं यंत्र नेऊन तपासून परत आणलं. काही बिघाड नव्हता.

बिघाड कुठे आहे ते आम्हाला एका दुपारी कळलं. लाईन गेली होती. इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली आणि तो टीं टीं करून ओरडू लागला. इतका बारीक, टोचणारा आवाज की मी वरून खाली धावत आले. काकू स्वयंपाकघरातून आल्या. शेठजी त्या इन्व्हर्टरखालीच खुर्चीत बसले होते, कापडाच्या कडा तपासत, अगदी निवांत. वर पाहून म्हणाले, "काय झालं? दोघी काहून आल्या?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "च्या ठेवून राह्यली. घेता का?"

स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला टेकल्या. "ताई, यायले कोण सांगन? गिरणीवाल्याशी भांडले हो हे."

सांगितलं कुणीच नाही. वयानुसार सगळं तपासून घ्यायचं, असं म्हणून मी अकोल्याच्या दवाखान्याची तारीख घेतली. रक्त, साखर, डोळे आणि त्यात कान. काचेच्या खोलीत शेठजींना बसवलं, डोक्यावर हेडफोन घातले. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की बोट वर करायचं." ते डोळे मिटून ताठ बसले. मी काचेबाहेर उभी होते. सुरुवातीला बोट वर गेलं, पुन्हा गेलं. मग ती मुलगी उंच सुरांकडे सरकली. ती बटणं दाबत राहिली, तिच्या यंत्रावर दिवा लागत राहिला, आणि बोट गुडघ्यावर तसंच पडून राहिलं. चेहऱ्यावर तीच एकाग्रता. पुढचा सूर येईल म्हणून ते थांबले होते.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उंच आवाज ऐकण्याची शक्ती बरीच वर्षं कमी होत आली आहे. गेलेली परत येत नाही. गाडी पातूरचा घाट चढत होती तेव्हा शेठजी म्हणाले, "म्हणजे तो चांगला होता."

काकू म्हणाल्या, "कोण?"

किन्हीराजाला गेलेला तो दिव्यांचा ॲम्प्लिफायर. मला कळलं होतं, काकूंनाही लगेच कळलं.

मी कामाला लागले. कानाचं मशीन घेणं. ते गाण्यासाठी जुळवून आणणं. गुरुजींशी बोलणं. मशीन घेतलं, चांगल्यातलं. काकूंची हाक ऐकू येऊ लागली, दुकानात गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकू येऊ लागली. मग त्यांनी रेकॉर्ड लावली आणि तानपुरा सुरू होताच पुढे वाकले. तानपुरा येई आणि विरून जाई. अकोल्याच्या त्या मुलीनं फोनवर समजावलं, की मशीन माणसाचं बोलणं पुढे आणतं. एकसारखा चालणारा आवाज त्याला पंख्याचा, मोटारीचा वाटतो, ते तो दाबून टाकतं. गाण्यासाठी वेगळी सोय होती, तीही लावली. त्यात बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा यायचा. शेठजींनी मशीन काढून हातावर धरलं. "लय हुशार हाय," म्हणाले. "तानपुऱ्याले कचरा समजते."

गुरुजींना मी फोन केला. ते बिचारे क्षणात म्हणाले, "आजच आणून देतो. त्यायचंच हाय ते." मी शेठजींना सांगितलं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"ताई, तुमी हे काम काहून केलं? दिलेलं मांगत नसतात. आन् आणून काय करू? काय त्याच्यात माहे कान बसवसान?"

पण एकदा ऐकायला जायला ते तयार झाले. ऐकायला नियमाची आडकाठी नव्हती. दुपारी आम्ही तिघं किन्हीराजाला गेलो. गुरुजींनी यंत्र समोरच्या खोलीत मांडलं होतं, वर मलमलीची जाळी, धुऊन पांढरी केलेली. शेठजींनी बरोबर त्या बाईंची रेकॉर्ड आणली होती. गुरुजींनी नंतर घेतलेले प्लेयर आणि स्पीकर साधे होते, तरी सूर लागला आणि खोली भरून गेली. शेठजींनी मशीन लावून ऐकलं, मग काढून. मग खुर्ची सोडून स्पीकरजवळ जमिनीवर बसले आणि तळवा त्याच्या लाकडावर टेकवला. गुरुजी त्यांच्या मागे उभे होते, डोळे मिटून. तान संपली, आणि गुरुजींचं बोट वर गेलं. "काय श्वास येते हो, शेठजी!" ते म्हणाले. "तुमी दिलं नसतं तं आमाले कधी कळलंच नसतं."

शेठजींनी वळून त्यांचं बोट पाहिलं. मग मान हलवली. "येते ना," म्हणाले.

परतीच्या वाटेवर काकू त्यांच्याशी बोलत राहिल्या. सोयाबीनच्या भावाबद्दल, मानोऱ्याच्या लग्नाबद्दल, कशाबद्दलही. त्यांनी मशीन खिशातून काढलंच नाही. माझ्या यादीतली सगळी कामं झाली होती.

त्या चातुर्मासात त्यांनी महाराजांसमोर नवा नियम घेतला, की गाण्याचं एकही साधन घरात ठेवणार नाही. प्लेयर गेला, नवं यंत्र गेलं, स्पीकर गेले, कपाटासकट रेकॉर्ड गेल्या. या वेळी बदल्यात काही यायचं नव्हतं. काकूंनी एकच रेकॉर्ड ठेवा म्हणून हात जोडले. "कायले?" ते म्हणाले. त्या रिकाम्या खोलीत आता कापडाचे गठ्ठे आहेत.

समाजात मात्र मोठी चर्चा झाली. रविवारच्या प्रवचनात महाराजांनी तो विषय घेतला. मंडप भरलेला होता; मी काकूंच्या शेजारी बायकांत बसले होते. शेठजी पुरुषांच्या पहिल्या रांगेत, नेहमीसारखे ताठ, डोळे मिटलेले, कानात मशीन नाही. जिभेला जिंकणारे पुष्कळ असतात, महाराज म्हणाले. कानाला जिंकणारा विरळा. ज्यानं आयुष्यभर प्रत्येक गोष्ट एक ठेवली, त्यानं ती एक होती तीही सोडली. आपल्या गावात असा श्रावक आहे, हे आपलं पुण्य. सगळा मंडप शेठजींकडे वळला आणि लोकांनी हात जोडले.

शेठजींनी डोळे उघडले. जोडलेले हात पाहिले. प्रवचन संपलं असं समजून त्यांनीही हात जोडले, महाराजांना नमोस्तु केलं, चटई गुंडाळून काखेत घेतली आणि चालू लागले.

"पाहा," आमच्या मागची बाई म्हणाली, "सोताची तारीफ ऐकाले बी बसले नाही."

काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. मंडपात कुणीतरी जयजयकार सुरू केला, मग सगळ्यांनीच केला. शेठजी दाराशी वाकून चपला शोधत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.