डिग्रीवरची सुनंदा

नवा माणूस स्टाफरूममध्ये आला की ट्रेन्ड मॅडम त्याचं नाव विचारत नसत. चष्म्यावरून बघत आणि एवढंच विचारत, "ट्रेन्ड की अनट्रेन्ड?" म्हणजे बी.एड. झालंय की नाही. मी अनट्रेन्ड. नुसती बी.ए., त्यातून मोरिवलीची, बाप कंपनीत फिटर. "मग आठवडाभर माझ्या तासाला मागच्या बाकावर बस आणि बघ," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून त्या माझ्या डोक्यात गेल्या.

आमची शाळा अंबरनाथची, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी कसलं, बाहेरच्या बोर्डावर होतं तेवढंच. वर्गात "चुप बैठो" आणि सुट्टीत वडापाव. चेअरमनना ट्रेन्ड-अनट्रेन्ड सगळं सारखं. चार तास उभं राहून बोलता आलं की झाली टीचर. मॅडम बेलवलीच्या मोठ्या घरातल्या सूनबाई. सासऱ्यांचं आणि चेअरमनचं उठणं-बसणं एक, म्हणून त्यांना चिकटवलंय, असं सगळे म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत. त्या ऐकून घेत. त्यांचं खरं दुखणं तेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. सतरा वर्षं त्यांनी तिथे शिकवलं आणि त्यांची डिग्री एकदाही कुणी मागून बघितली नव्हती.

माझं पहिलं टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं त्याची वही, मी सरळ गाईडमधून उतरवलं. मॅडमनी दोन ओळी वाचल्या आणि वही परत सरकवली. "हे गाईड पोरांकडेही आहे. मग तुझी गरज काय?" असा संताप आला मला. पण बसले मुकाट त्यांच्या तासाला. प्रश्न विचारला की हात पाठीमागे घेऊन त्या बोटांवर पाच मोजायच्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचं गप्प पोरगंही तोंड उघडायचं. "उत्तर येईपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंग म्हणतात ते हे. बाकी सगळा चार्टपेपर."

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं खूळ मूळचं माझं. फोन उघडला की तेच. व्हिएतनाम, थायलंड, समुद्र आणि हसरी पोरं. उल्हासनगर कॅम्प एकला कापडाच्या दुकानावर एक कन्सल्टंट बसायचा, त्याच्याकडे गेले. मॅडम "तू कशी फसतेस ते बघायला" म्हणून सोबत आल्या. त्याने आधी आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. हाफ पॅन्टमधला एक गोरा पोरगा गिटार वाजवतोय आणि वर्गभर पोरं नाचतायत.

"बी.एड. वगैरह छोड़ो मॅडम," तो म्हणाला, "वहाँ कोई नहीं पूछता. एक सौ बीस घंटे का कोर्स है, सर्टिफिकेट हम देते हैं."

"कब मिलेगा?" मी विचारलं.

"परसों ले जाओ."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "परवापर्यंत अठ्ठेचाळीसच तास होतात," असं म्हणून त्या उठल्या.

जिना उतरताना मी कुरकुरले, की त्या गिटारवाल्याकडे तरी कुठे बी.एड. होतं. "त्याला कशाला लागतंय," मॅडम म्हणाल्या. "त्याचा पासपोर्ट हेच त्याचं बी.एड. आपल्याला आपलं दाखवावं लागतं."

कन्सल्टंटला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी स्वतःच व्हिएतनाममधल्या शाळांना अर्ज पाठवले. एका शाळेने फोनवर डेमो घेतला, पसंत केलं आणि म्हणाली, डिग्री पाठवा. "मागितली त्यांनी," हे मॅडमनी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. लहान पोरीसारख्या खूश होत्या हो. तोवर मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच घोडं अडलं. डिग्री सुनंदाची, लग्नाआधीची. पासपोर्ट मानसीचा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून सुनंदा संपली होती. तिकडच्या शाळेला वाटलं, ही बाई दुसऱ्याच कुणाची डिग्री दाखवतेय. दोघी एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र पाठवलं, तेही चालेना. दोन्हीकडे एकच नाव हवं, मुदत दोन महिने. विद्यापीठ डिग्री बदलून देईना. राहिला पासपोर्ट. वकील म्हणाला, जुन्या नावावर जायचं तर नवऱ्याचं ना हरकत पत्र आणा. ऐका म्हणजे झालं. बाईचं स्वतःचं नाव, आणि हरकत नाही हे सांगायचं नवऱ्याने.

पत्राची प्रिंट घेऊन मीच बेलवलीला गेले होते. मॅडमच्या मिस्टरांना सगळे भाऊ म्हणत. माणूस चांगला, पण त्या कागदाला हात लावेना. "लोक म्हणतील सोडचिठ्ठी झाली," ते म्हणाले. "आणि वीस वर्षं मी तुला मानसी म्हणतोय."

"म्हणा की, कोण नको म्हणतंय," मॅडम म्हणाल्या. "पण परीक्षा सुनंदाने दिली होती. मानसीला तुमच्या वडिलांच्या ओळखीने नोकरी लागली. मला एकदा तरी माझ्या नावावर नोकरी करू द्या."

कोपऱ्यात सासूबाई सुकट निवडत बसल्या होत्या. आता ही म्हातारी आगीत तेल ओतणार, असं वाटून मी चपला शोधायला लागले. त्यांनी वर न बघताच विचारलं, "माजा म्हायेरचा नाव काय व्हता रं?"

भाऊंनी मॅडमकडे बघितलं.

"माजे पोटचा तू, आन तुला ठाव नाय," म्हातारी म्हणाली. "कर सही."

भाऊंनी सही केली.

आता शाळेत नव्या लागलेल्या पोरी मला विचारतात, ताई, परदेशात इंग्रजी शिकवायला बी.एड.चा काही उपयोग होतो का? मी त्यांना सांगते, परवा सर्टिफिकेट देणाऱ्याकडे जा, तो नाही म्हणेल. आपल्यासारख्यांना होतो, भरपूर होतो. फक्त घरच्यांनी डिग्रीवरची बाई शिल्लक ठेवलेली असली पाहिजे.

मॅडम निघाल्या त्या दिवशी त्यांचं सगळं घर विमानतळावर लोटलं होतं. पासपोर्ट आणि तिकीट भाऊंनी स्वतःच्या हातात धरलेलं, ते त्यांनी दारावरच्या जवानाला दिलं. मॅडम मला झापत होत्या, बी.एड.च्या फॉर्मची तारीख गेली तर याद राख म्हणून. "सुनंदा कौन है?" जवानाने विचारलं. मॅडमचं बोलणं चालूच. वीस वर्षांत त्या नावाने कुणी हाकच मारली नव्हती, त्यांच्या कानावरून गेलं. जवानाने पुन्हा विचारलं. मागची माणसं कुरकुरायला लागली.

भाऊंनी मॅडमच्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाले, "सुनंदा, जा. तुलाच बोलावतायत."