हरकत उघडेना

कुपवाडच्या कारखान्यांकडे जाणारा जवळचा रस्ता बंद करायचा घाट महापालिकेनं घातला होता. हरकती द्यायचा तो शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. आमच्या कामगार संघटनेचे अकरा मुद्दे सांगलीतल्या टायपिंगवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर तयार होते. कामगारांच्या सह्यांचे कागद माझ्या पिशवीत. फक्त प्रिंट काढायची होती.

आदल्या दिवशी मीच त्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली होती. काकांची जुनी सिस्टीम चोरीची. हक्काची पत्रकं चोरीच्या मालावर छापायची? मी भांडलो, रीतसर परवाना आणला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सगळं पुसून नवी सिस्टीम घातली. परवाना मंजूर झाल्याची खूण पडद्यावर आली. छाती पुढं काढून घरी गेलो.

चार वाजता फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. काकांनी विकत घेतलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, तर ते परवाना मागत बसलं. शेजारच्या दुकानात त्या सॉफ्टवेअरचा फॉन्टच नव्हता. मी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला.

"जुन्या मशीनवरून परवाना परत केला होता का?" तिकडची बाई.

"जुनं-नवं काय? मशीन एकच आहे!"

"सिस्टीम बदलली की आमच्याकडं ती नवी मशीन. अर्ज करा, दोन दिवसांत कळवू."

"विकत घेतलेली वस्तू आहे ही, मॅडम!"

"वस्तू नाही सर. वापरायचा परवाना."

काका फौजेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "चोराची सिस्टीम चालत हुती, सावाची बंद पडली व्हय रं?"

असले नियम करणाऱ्यांची चीड आली, आजही येते. पण पुसण्याआधी परवाना परत करा, हे त्यांनी अटींत लिहिलेलं होतं. गेटवर 'सही करण्याआधी वाचा' अशी पत्रकं वाटणारा मी, त्या अटी न वाचताच सगळं पुसून मोकळा झालो होतो.

"आता भाषण नगं. कागद घे," काका म्हणाले.

आठवतील तसे मुद्दे हातानं लिहीत सुटलो. काका घड्याळाकडं बघून मिनिटं ओरडत होते. दहा झाले. अकरावा काही केल्या आठवेना. पाचला सात मिनिटं कमी असताना कचेरीत अर्जावर शिक्का पडला.

सुनावणीत साहेबांनी बजावलं, लेखी आहे तेवढंच बोला. मागं बसलेला ओतकामाचा कामगार माझ्या कानाशी वाकला. "गड्या, ह्याच्या बदल्यात दाखवलेल्या दुसऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतंय, ते मी सांगितल्यालं. कुठाय?"

"न्हाई लिहिलं," मी म्हणालो.

त्याच रस्त्यानं त्याला रोज कामावर जायचं होतं.