नाव सांगाले अमरावतीले गेलो

"बाई, मालकाचं नाव सांगा," साहेबानं दुसऱ्यांदा विचारलं, अन् म्या पदर आखीन पुढं ओढला. डोक्यावर पंखा फिरून राहिला होता तरी मले घाम सुटला. कडेवर पोरगी, कमरेले कापूस वेचाची ओटी तशीच बांधलेली, मागं माह्या तीन जावा तोंडात पदर धरून उभ्या. अन् जिच्या भरोशावर आमी अमरावतीची कचेरी गाठली, थे मंजुळामाय परतवाड्याच्या स्टँडवर राह्यली होती.

तुमी म्हनसान, नवऱ्याचं नाव सांगाले काय लागते. आमच्या इकडं लागते. बाईनं मालकाचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हनतेत. अन् माहा मालक तं आंधीच अंथरुनावर होता, दारू पिऊ पिऊ पिवळा पडला होता.

सकाळपासून सांगते.

घरी सांगतलं, कापूस वेचाले चाललो. म्हनून त्या ओट्या. गावाभायेर मंजुळामाय वाट पाहून राहिली होती. थे विधवा हाये, पन रुपयाएवढं कुकू लावते. तिचा मालक दारूनं गेला, तवा कुकू पुसाले आलेल्या बाया तिनं उंबऱ्यावरूनच वापस धाडल्या, अन् मंग एकटीनं जाऊन भट्टीचे मडके फोडले. तवापासून गावात तिले चुलीसाठी कोनी विस्तव देत नाई.

आता भट्टी आमच्याच वावरात होती, गोठ्यामागं. माह्या चुलतदिरानं लावलेली. म्या माह्या डोळ्यानं पाह्यली. जवळच्या चौकीत सांगून झालं, कोनी आलं नाई. मंजुळामाय म्हने, "मोठ्या साहेबाकडं जाऊ. मी बोलतो, पन पाह्यनारी तू हायेस. तुले संग यावंच लागन."

"माय, सासू मले घरात घेनार नाई."

"नाई घेतलं तं माह्या घरी ये. विस्तव कोनी देत नाई तिथं, पन जागा लय हाये." अन् हासली.

अंजनगावच्या स्टँडवर एसटीत बसलो. मी लग्नानंतर पयल्यांदाच एसटीत बसत होती. पानमळे मागं गेले, मंग काळी जमीन अन् पांढरी फुटलेली पऱ्हाटी (कपाशी), अन् त्याच्या मांगं सातपुडा, निळा. पाह्यावं वाटे, अन् भेवही लागे. वाटे, आता कोनी गाडी थांबवन अन् म्हनन, ह्या बाया कोनाच्या?

कंडक्टर आमच्या ओट्या पाहून म्हने, "काय माय, अमरावतीले कापूस वेचाले चालल्या का?"

"हो ना भाऊ," मंजुळामाय म्हने. "तिकडं लय फुटला म्हन."

सारी गाडी हासली. माही धाकटी जाऊ कौसी तेवढी हासली नाई, थे खिडकीतून ओकून राहिली होती.

परतवाड्याले पोरगी पान्यासाठी रडाले लागली. मंजुळामाय लोटा घेऊन खाली उतरली, नळावर गर्दी होती. घंटी वाजली अन् गाडी हालली. मले ओरडाचं होतं. पन भरल्या गाडीत मानसायपुढं सुनेनं आवाज काढाचा असते हे मले कोनी शिकवलंच नोतं. आवाज निंघाला तवा स्टँड मांगं पडला होता.

"बुढी मांगच्या गाडीनं येते, थे काय हरपते?" कंडक्टर म्हने.

पूर्नेच्या पुलावर कौसीनं हात जोडले. म्याही जोडले, पन काय मांगावं थेच सुचलं नाई.

अमरावतीच्या स्टँडवर कडूनिंबाखाली भाकर अन् ठेचा खाल्ला. मांगची गाडी येईच ना. इचारत इचारत कचेरीत गेलो तं शिपाई म्हने, "साहेब दुपारी दौऱ्यावर जातेत. सांगाचं असन तं आत्ता सांगा."

साहेब भला मानूस होता. म्या भट्टी सांगतली, जागा सांगतली. मंग तो नावं लिहाले लागला, अन् चौघीही मुक्या. शेवटी म्या माह्या लहान जावेच्या मालकाचं नाव सांगतलं, दिराचं नाव घेतलं तं चालते. तिनं तिच्या लहान जावेच्या मालकाचं सांगतलं. तिनं कौसीच्या. असं खालपर्यंत झालं. राह्यली मी. माहा मालक त्या सगळ्यायचा भासरा (नवऱ्याचा थोरला भाऊ). त्याचं नाव कोन घेनार?

साहेब आंधी हासला, मंग पेन ठेवला. "भट्टी पाहिली तुम्ही. तुमचंच नाव अर्धं राहिलं तर मी कोणाच्या सांगण्यावर माणसं पाठवू?"

"चूप राय वं बाई," कौसी मागून म्हने. "तिकडं त्यायले काई झालं तं?"

नाई सांगतलं तं दारू त्याले नेईन. सांगतलं तं मी नेईन. माह्या डोळ्यापुढं त्याचे पिवळे डोळे आले.

म्या घेतलं. हळू घेनार होती, पन लयच मोठ्यानं निंघालं, सासू त्याले वावरातून हाक मारते तसं. पोरीनं थे नाव आजीच्या तोंडून रोज आयकलेलं. तिनं मान वळवली, दाराकडं पाह्यलं अन् म्हने, "बा?"

दारात मंजुळामाय होती. हातात लोटा, अर्धं पानी लुगड्यावर सांडलेलं. "सांगतलं?" तिनं इचारलं. म्या मान हालवली. तिनं पोरीले पानी पाजलं.

वापस निंघालो. दर स्टँडवर मले वाटे, आता कोनी निरोप घेऊन उभं असन. दिवस बुडता घरी पोचलो. सासू दारात. तिनं माह्या रिकाम्या ओटीकडं पाह्यलं. आतून मालकाचा खोकला आयकू आला अन् मी उंबऱ्यावरच बसली.

साहेबाची मानसं आली, मडके फुटले. सासूनं माही चूल येगळी केली. मलेही आता गावात कोनी विस्तव देत नाई; मंजुळामाय आगपेटीनं चूल पेटवते, तिच्याकडून आनतो. मालक अजून अंथरुनावरच हाये, माह्याशी बोलत नाई. बरा झाला तं म्हनतीन दारू सुटली म्हनून. गेला तं म्हनतीन बाईनं नाव घेतलं म्हनून. थे नाव इथं कागदावर लिहाले अजून माहा हात धजत नाई.

तुमी असत्या त्या साहेबापुढं, कडेवर लेकरू घेऊन, तं काय केलं असतं?